पिकअप नसलेल्या ट्रकमधून माहूरला

माहूरला लोक एसटीने जातात, गाडी करून जातात, नवस बोललेला असला तर चालतही जातात. मी ट्रकने गेले. वय एकसष्ट, मांडीवर दोन गॅल्व्हानोमीटर, पायात चप्पल नाही, आणि स्टिअरिंगवर महेबूबभाई. परत आल्यापासून जो भेटतो तो आधी देवीचं दर्शन कसं झालं ते विचारतो. दर्शन छानच झालं. पण सांगण्यासारखं जे आहे ते रस्त्यात घडलं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी ट्रकच का, ते सांगते. लातूरच्या ज्या शाळेत मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं तिथे नवी प्रयोगशाळा झाली आणि जुनी सागवानी टेबलं, स्टुलं, काचेची कपाटं व्हरांड्यात येऊन पडली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, संगीता, माहूरच्या पुढे पठारावरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिच्या शाळेत विज्ञानाची खोली आहे, खोलीवर पाटी आहे, आत काही नाही. मी संस्थेच्या मागे हात धुऊन लागले आणि ते सगळं सामान तिच्यासाठी मागून घेतलं. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत पोचवायचं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, सामान पाठव, तू कशाला जातेस?" मी म्हटलं, गॅल्व्हानोमीटर दोरीने बांधून पाठवायची वस्तू नाही. खरं कारण निराळं होतं. ट्रकच्या केबिनमध्ये एकदा तरी बसावं ही माझी लहानपणापासूनची इच्छा होती. ते त्याला सांगितलं नाही.

ट्रक महेबूबभाईंचा. ते आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला "बाई" म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांचे, उंच, दाढी पांढरी, मिश्या नाहीत. गाडी सहाचाकी, चौदा वर्षांची. क्लीनर ठेवायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं आहे.

लातूर ते नांदेड

सकाळी सातला मी पायरीवर पाय ठेवला तोच महेबूबभाईंनी हात पुढे केला. "बाई, चपला हिकडं द्या."

मला वाटलं काही चिकटलं आहे.

"न्हाई हो. गाडी म्हंजी घर हाय. चपला घालून कोन बी आत येत न्हाई."

आमच्या घरी हल्ली सोफ्यापर्यंत बूट येतात. इथे ट्रकमध्ये मात्र नियम कडक. आत पाहिलं तर खाली पायाशी, या दारापासून त्या दारापर्यंत, एक जाडजूड वाकळ, म्हणजे गोधडी, अंथरलेली होती. निळी, हिरवी, मध्येच लाल चौकडीची, आणि टाके इतके बारीक की शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं कौतुक वाटावं. ती महेबूबभाईंच्या बायकोने, जैनबभाभींनी शिवली होती. गाडीच्या पत्र्याच्या धगीनं आणि थरथरीनं महेबूबभाईंचे गुडघे धरायला लागले, तेव्हा पाच वर्षांपूर्वी भाभींनी पहिली वाकळ घातली. मग दर रमजान ईदला घरातले जुने कपडे निघाले की त्यांचा एक थर त्याच वाकळीवर चढायचा. मी पाय टेकवले आणि खरोखर सांगते, माझ्या घरच्या गादीपेक्षा मऊ लागलं.

गाडी निघाली. निघाली म्हणजे हळूहळू लातूरच्या बाहेर पडली. मोकळ्या रस्त्यावर आलो तरी काटा पंचेचाळिसाच्या पुढे जाईना. महेबूबभाईंचा अनवाणी पाय पेडलवर पुरता दाबलेला होता, कपाळावर आठी, आणि सोयाबीनची पोती भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या शेजारून निघून गेला. ट्रॅक्टरवाल्याने वळून हात केला तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

"पिकअपच न्हाई राहिला," महेबूबभाई म्हणाले. "आधी अशी न्हवती बाई. दर वर्साला थोडी थोडी बसत गेली. फिल्टर बदलला, टर्बो खोलला, नोझल साफ केले. गॅरेजमदी रेस दिली की वाघावानी वरडती, अन् रस्त्याला लागली की ही अशी."

चाकूरला सुशीला खाल्ली. पुण्याची माणसं या नावाला हसतात, पण भिजवलेल्या मुरमुऱ्यांना शेंगदाण्याचा कूट आणि फोडणी देऊन वर लिंबू पिळलं की हसायचं सोडून दुसरी बशी मागतात. मी दोन खाल्ल्या. महेबूबभाईंनी अर्धी ठेवली. माणूस खाताना गप्प असला की मला चैन पडत नाही, म्हणून विचारलं, एवढी कसली काळजी?

तेव्हा त्यांनी सांगितलं. जैनबभाभी सहा महिन्यांपासून मागे लागल्या होत्या की गाडी दमली, तुम्हीही दमलात, आता ती विकून टाका आणि पोराच्या मोबाईलच्या दुकानात बसा. शेवटी नवराबायकोत एक ठरलं होतं. भरलेली गाडी माहूरचा घाट चढली तर ठेवायची. नाही चढली तर येताना नांदेडला विकूनच घरी यायचं. गिऱ्हाईकही सांगून ठेवलं होतं.

"मग, चढेल का?" मी विचारलं.

"अल्ला जाने," ते म्हणाले आणि बशीत हात धुतले. "दुकानात बसायचं म्हंजी बाई, दिवसभर लोकायच्या फोनला काच चिकटवत बसायचं. चाळीस वर्सं रस्ता बघितला. आता काच बघू?"

अहमदपूरच्या अलीकडच्या चढाला गाडी पहिल्या गिअरवर आली. एक म्हातारे गृहस्थ मोपेडवरून शेजारी आले, थोडा वेळ आमच्याच वेगाने चालले, "बंद पडली का?" असं विचारलं आणि पुढे गेले. मी इतकी हसले की मांडीवरचे गॅल्व्हानोमीटर हलले. मग लक्षात आलं की शेजारचा माणूस हसत नाही, आणि मी गॅल्व्हानोमीटर नीट लावायला घेतले.

नांदेडला पोचेपर्यंत दुपार टळली. मी मावसबहिणीकडे उतरले.

नांदेड: शाहीनबींचं दुकान

दुसऱ्या दिवशी सकाळी महेबूबभाई मला घ्यायला आले ते थेट घाटाकडे निघाले नाहीत. लातूरच्या एका मिस्त्रीने आठवड्यापूर्वी पेडलजवळचे कुठलेसे स्क्रू फिरवले होते. तेव्हापासून गाडी जागेवर उभी असतानाही घुर्रर्र करून ओरडत राहायची, जोर मात्र तेवढाच. "नांदेडला शाहीनबी हाय," ते म्हणाले. "तिला दाखवू. तिचं ऐकून मगच घाटाला हात लावू."

शाहीनबी म्हणजे पंचेचाळिशीची बाई, डोक्यावर ओढणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वडील गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे, त्यांच्याकडून ती शिकली. शेजारच्याच गाळ्यात नवरा रेडिएटर झाळतो. आम्ही पोचलो तेव्हा ती न्याहारी करत होती आणि तिने मला आधी पाटावर बसवलं. खिचडी आणि खट्टा. आमच्याकडे खिचडी म्हणजे आजाऱ्याचं किंवा आळशाचं रात्रीचं जेवण. नांदेडच्या मुसलमान घरांत ती सकाळी खातात, मसुराची मोकळी खिचडी आणि वर चिंच-तिळाचा आंबट खट्टा. मी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर शाहीनबीने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे मी पास झाले.

महेबूबभाईंनी इकडे वाकळ गोळा केली, नीट गुंडाळली, दुकानातल्या बाकड्यावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवली. ग्रीसचे हात-पाय तिला लागू नयेत म्हणून. मला ते फार आवडलं.

शाहीनबीने लगेच हत्यार उचललं नाही. "आधी ऐकू द्या," म्हणाली आणि गाडी चालू करून दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मग केबिनमध्ये वाकली, पेडलच्या बाजूची काळी डबी दाखवली आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही सायन्सच्या ना? बघा. हा सेन्सर. पाय कितीक दाबला ते हा विंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्यापरमानं डिझेल येतं."

मी विचारलं, आत काय असतं? तिने खराब झालेला एक सेन्सर बाकड्यावर उघडून दाखवला. आत अर्धगोल पट्टी आणि तिच्यावरून सरकणारं एक बारीकसं बोट.

पोटेन्शिओमीटर! मी एकतीस वर्षं हा फळ्यावर काढला. हजारो मुलांकडून त्याची आकृती घोटून घेतली. पण हा रोज ड्रायव्हरच्या पायाखाली राबतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती डबी हातात घेऊन इतका वेळ बघत बसले की शाहीनबीने चहा मागवला.

तिने मल्टिमीटर लावला. पाय उचललेला असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा, तो जवळजवळ एक दाखवत होता. म्हणजे कोणी पाय न ठेवताही गाडीला वाटत होतं की कोणीतरी दाबतंय. तेच ते उभ्या उभ्या ओरडणं. तिने दोन स्क्रू सैल केले, डबी केसभर फिरवली, आकडा बघितला, परत केसभर फिरवली. अर्धा व्होल्ट आल्यावर स्क्रू आवळले, जोडाच्या पिना साफ केल्या. "आता दाबा." महेबूबभाईंनी दाबलं. चार पॉइंट दोन. गाडी खरोखर वाघासारखी ओरडली आणि गल्लीतल्या दोन शेळ्या पळाल्या.

"झालं की!" मी म्हटलं.

"न्हाई झालं," शाहीनबी म्हणाली. "मिस्त्रीनं बिघडवलं ते नीट झालं. पर भाई म्हणतात पाच वर्सांपासून बसत चालली. ते काई ह्या स्क्रूनं न्हवतं. भरली गाडी रस्त्यावर बघितल्याबिगर मी सुटले म्हननार न्हाई." तिला स्वतःला दुकान सोडून येता येत नव्हतं. तिने सेन्सरच्या तारेतून दोन वायरी काढल्या, मल्टिमीटरला जोडल्या आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्ही आकडे बघा अन् मला फोन करा. माघारी येताना मीटर देऊन जा."

निवृत्तीनंतर इतका मान मला कोणी दिला नव्हता.

महेबूबभाईंनी वाकळ परत अंथरली, हाताने सारखी केली, आणि आम्ही निघालो.

हदगाव

अर्धापूर सुटलं तेव्हा काटा पन्नासावर होता. महेबूबभाईंचा पाय पुरता दाबलेला, आणि माझ्या मांडीवरचा आकडा दोन पॉइंट आठ.

मी फोन लावला. शाहीनबी म्हणाली, "दुकानात चार पॉइंट दोन हुतं. वायर तीच, पेडल तेच. बाई, दुकानात अन् रस्त्यात काय बदललं ते तुम्ही शोधा."

मी वही काढली. बदललेल्या गोष्टी: हादरे, ऊन, वेग. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावून दाबायला सांगितलं. दोन पॉइंट आठ. म्हणजे हादरे नाहीत, वेगही नाही. सकाळ थंड होती, म्हणजे ऊनही नाही. मी तिन्हींवर रेघा मारल्या आणि यादीत काही उरलं नाही. महेबूबभाई शांतपणे म्हणाले, "सोडा बाई. तिचं वय झालं. माझं बी झालं." मला त्यांचा आणि त्या आकड्याचा, दोघांचाही राग आला.

हदगावला रस्त्याकडेला पांढऱ्या कापसाचे ढीग दिसायला लागले. एका टपरीवर ताक मिळालं, मातीच्या मडक्यातलं, वर मिरचीचा ठेचा. महेबूबभाई टायर बघत होते म्हणून त्यांच्यासाठी तांब्याभर ताक घेऊन मी केबिनमध्ये चढले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात मीटर, आणि पायरी उंच. सगळंच्या सगळं ताक वाकळीवर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महेबूबभाई "काई न्हाई बाई, काई न्हाई" म्हणत राहिले, पण त्यांचा चेहरा माझ्यापासून लपेना. टपरीमागच्या नळावर ती वाकळ धुतली. भिजल्यावर ती इतकी जड झाली की पिळायला टपरीवाल्याला बोलवावं लागलं. मग तिला मागे टेबलांच्या पायांवर पसरून दोरीने बांधलं, आणि आम्ही निघालो. मी मान खाली घालून बसले होते.

म्हणून पुढे जे झालं ते मी आधी पाहिलंच नाही, पाठीला जाणवलं. गाडीने अशी उसळी घेतली की मी सीटला टेकले. महेबूबभाईंनी करकचून ब्रेक मारला, कारण पुढे कापसाची बैलगाडी होती आणि आम्ही तिच्यावर जाऊन आदळलो असतो. बैलगाडीवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मीटरवर पाहिलं. चार पॉइंट दोन.

"शाहीनबीच्या हाताला गुण हाय!" महेबूबभाई ओरडले. "उशिरा लागला, पर लागला!"

"गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातला असावा, कारण त्यांनी मुकाट्याने घेतली. "वाकळ आणा."

"वली हाय ती."

"आणा."

ओली वाकळ आत अंथरली. दाबा. दोन पॉइंट आठ. काढली. दाबा. चार पॉइंट दोन. परत अंथरली. पेडल खाली जायचं, त्या पाच थरांवर मऊसा टेकायचं आणि तिथेच थांबायचं. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता: एवढाच दाबलाय. गाडीला पाच वर्षांत पूर्ण पाय मिळालाच नव्हता. आणि दर गॅरेजमध्ये महेबूबभाई बायकोच्या हातची वाकळ खराब होऊ नये म्हणून आधी बाजूला काढून ठेवत होते, म्हणून गॅरेजमध्ये गाडी ठणठणीत असायची.

एकतीस वर्षं मुलांना सांगत आले की निरीक्षणात सगळं लिहा, बिनमहत्त्वाचं वाटलं तरी लिहा. मी माझ्या यादीत वाकळ लिहिलीच नव्हती. ती मला गाडीचा भाग वाटली नाही, त्यांच्या घराचा वाटली.

तिसऱ्या खेपेला महेबूबभाईंनी वाकळ हळूच काढली, घडी घातली आणि तशीच छातीशी धरून रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मला वाटलं होतं ते नाचतील.

"बाई," ते म्हणाले, "हे जैनबला कळता कामा न्हाई."

घाट

हदगावच्या पुढे पैनगंगा ओलांडली, उमरखेड मागे पडलं, धनोड्याला परत तीच पैनगंगा आली. पाणी निवळलं होतं, काठावर बायका कपडे धूत होत्या. पलीकडे डोंगर आणि त्यावर सागाचं रान, मोठी मोठी पानं कडेने तांबूस व्हायला लागलेली. चढ सुरू व्हायच्या आधी महेबूबभाईंनी गाडी थांबवली, स्टिअरिंगला हात लावून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि अनवाणी पाय थेट पत्र्यावर ठेवला. वाकळ मागे टेबलांवर वाळत होती.

पहिलं वळण दुसऱ्या गिअरवर. मग त्यांनी तिसरा टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. गाडी तिसऱ्यात चढत होती! अठरा टेबलं, छत्तीस स्टुलं, चार कपाटं आणि एक निवृत्त शिक्षिका घेऊन. दर वळणाला ते हॉर्न वाजवायला लागले. समोरून कोणी येत नव्हतं तरी वाजवायला लागले. सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया बघत राहिल्या. एका रुंद जागी पुढच्या एसटीला मागे टाकलं तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही, आणि आठवत असतं तरी लिहिलं नसतं.

"ही माझी गाडी हाय बाई!" महेबूबभाईंचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "पाच वर्सं मला वाटत राहिलं, दोघं बी म्हातारं झालो. काई झालं न्हवतं हिला. काई बी झालं न्हवतं!"

मला इतका आनंद झाला की मी मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आई, नीट बस.

पठारावर

संगीता फाटकात उभी होती, सोबत अर्धं गाव. गाडी उलटी घ्यायची होती आणि क्लीनर नव्हता, म्हणून ते काम मी केलं. मागे उभं राहून पत्र्यावर थाप मारायची आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं. मी जरा जास्तच येऊ दिलं आणि शाळेची तुळस थोडक्यात वाचली.

सामान उतरल्यावर गावातल्या बायकांनी टेबलांना हळदकुंकू वाहिलं. गॅल्व्हानोमीटरला लावायला निघाल्या तेव्हा मी आडवी आले, मग संगीताचा चेहरा बघून काचेवर नको, लाकडी पेटीवर लावा म्हटलं. जेवायला भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि कच्चा कांदा. लातूरला आम्हीही येसर करतो, पण इथलं झणझणीत निघालं. मी पाण्याचा तांब्या शेजारीच ठेवून जेवले. महेबूबभाई तीन भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गड चढून रेणुकामातेचं दर्शन घेतलं. तिथे प्रसाद म्हणून कुटलेला तांबूल देतात, मऊ लगदा, तोंडात टाकला की विरघळतो. दात नसलेल्या म्हाताऱ्यांचीसुद्धा सोय केलेली देवी मला फार समंजस वाटली.

परतीचा रस्ता

नांदेडला शाहीनबीला मीटर परत दिला आणि सगळं सांगितलं. ती आधी चष्मा काढून बघत राहिली, मग हसायला लागली, नवऱ्याला बोलावून सांगितलं, तो हसला, आणि मग म्हणाली, "भाई, हे माज्या अब्बांना बी सापडलं नसतं. कोन बघतं खाली?"

गिऱ्हाईक तिथेच आलं. सोयाबीनचा व्यापार करणारे एक गृहस्थ. त्यांनी गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि परत आले ते एकदम खूश. आजच कागद करू म्हणाले. महेबूबभाई म्हणाले, "उद्या सांगतो," आणि मला बाजूला घेऊन हळूच बोलले, "देऊन टाकतो बाई. घरी सांगतो, चढली न्हाई म्हनून. तुम्ही फकस्त गप ऱ्हावा."

"म्हणजे खोटं सांगणार?"

"मग काय सांगू? पाच वर्सं तिनं माज्या गुडघ्यांपायी एकेक टाका घातला. तिला सांगू, तुज्यामुळं गाडी मेली हुती म्हनून? त्यापरीस गाडी गेलेली बरी."

मी भडकले. मी आयुष्यात खोटं निरीक्षण लिहिलेलं नाही आणि कुणाला लिहू दिलेलं नाही, असं म्हटलं. लोहा येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. रिकामी गाडी सत्तरने पळत होती. बाहेर दोन्हीकडे मोकळी झालेली काळी रानं आणि मध्येच हरभऱ्याचा कोवळा हिरवा. इतका सुंदर प्रवास, आणि केबिनमध्ये दोन फुगलेली माणसं. अहमदपूरच्या पुढे मला त्यांची दया आली आणि मी त्यांना एक सीताफळ सोलून दिलं.

लातूरला पोचलो तेव्हा दिवस अजून वर होता. जैनबभाभी ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. ठेंगणी, ठसठशीत बाई, कानात जुन्या वळणाच्या बाळ्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, गाडीत अजून आम्हीच आहोत हे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "चढली?"

महेबूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहिलं.



"तिसऱ्या गिअरात चढली, जैनब," ते म्हणाले. "एसटीला मागं टाकलं!"

आणि मग त्यांना थांबताच येईना. शाहीनबी, मीटर, ताक, बैलगाडी, सगळं सांगून टाकलं. वाकळीपाशी आले तेव्हा आवाज खाली गेला, पण तेही सांगितलं. मी घाईघाईने म्हटलं, "भाभी, तुमचा काही दोष नाही, ती चीजच अशी..." त्यांनी हातानेच मला थांबवलं. महेबूबभाईंच्या हातातून वाकळ घेतली, मांडीवर पसरली आणि तिची जाडी चिमटीत धरून बघितली.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो मानूस आधी कसा गाडी हाकायचा तुम्हाला ठावं न्हाई. निघाला की मी दाराला कान लावून बसायची. मग म्हनाय लागले, गाडी दमली, हळू चालती. मी अल्लाचं शुकर मानलं. पाच वर्सं निवांत झोपले."

"मग विकायचं कशाला म्हणत होतात?" मी विचारलं.

"त्यांचं तोंड उतरलं हुतं म्हनून." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आज बगा कसं दिसायलंय."

महेबूबभाई ओट्याच्या कडेला शाळेतल्या मुलासारखे उभे होते.

भाभी आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. "बाई, पेडल कुठं टेकतं ते दावा." मी खडूने कोपरा आखून दिला. त्यांनी शिवण उसवली आणि थर एकेक करून कापायला सुरुवात केली. मागच्या ईदचा, त्याच्या आधीचा, त्याच्या आधीचा. चौथा कापला आणि कात्री खाली ठेवली. तळाचा, सगळ्यांत पहिला, विरलेल्या निळ्या सदऱ्याचा थर तसाच राहिला.

"किती थर काढायचे बाई?" त्यांनी विचारलं. "बास ना?"

पाच. मला स्वच्छ दिसत होतं की त्या एका थराने आकडा चार पॉइंट दोनला पोचणार नाही, चारच्या आत कुठेतरी अडेल. महेबूबभाई माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं. भाभी माझ्याकडे बघत होत्या, हात त्या निळ्या थरावर ठेवून. एकक लिहायला विसरला म्हणून पोरांचा अर्धा गुण कापणारी मी बाई.

"बास," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे."